दूध पुरत नाही, हे कशावरून?

पाळण्यापासून मिसरुडापर्यंत : लेखांक ५

मागच्या लेखांकात जन्मानंतरच्या पहिल्या तासाविषयी लिहिलं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झालेली दिसली, पण पहिल्या तासात आईच्या अंगावर प्यायलेली बाळं होती ४१.८ टक्के. म्हणजे डॉक्टर आहेत, नर्स आहेत, खाट आहे, तरी निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला घास लांबला. त्याच पाहणीत सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी फक्त आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के निघाली. बाकीच्यांच्या घरी पाणी, गुटी, गाईचं दूध किंवा पावडर यांपैकी काहीतरी आधीच सुरू झालं होतं. का, असं विचारलं तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं : ‘हिला दूध पुरत नाही.’ कधी सासू म्हणते, कधी आई, कधी भेटायला आलेली शेजारीण, आणि पुष्कळदा बाळंतीण स्वतःच. हे निदान असल्यासारखं बोललं जातं खरं, पण बहुतेक वेळा तो चुकीच्या साक्षीवर दिलेला निकाल असतो. गंमत अशी की निकाल एकदा लागला की महिनाभरात तो खराही ठरतो.

तो खरा कसा ठरतो हे कळायला दूध येतं कसं ते बघावं लागतं. वार सुटून पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि त्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छाती भरून येते. सिझेरियन झालं असेल तर याला थोडा आणखी वेळ लागू शकतो. तोवर येतो तो चीक. म्हैस व्यायली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण आळीभर वाटतो, पण स्वतःच्या बाळाचा चीक मात्र ‘घाण दूध’ म्हणून पिळून टाकणारी घरं आजही आहेत. चीक थोडाच असतो, पहिल्या चोवीस तासांत सगळा मिळून दोन-तीन मोठे चमचे. बाळालाही त्यापेक्षा फार जास्त लागत नाही, कारण ते अंगात पाण्याचा आणि चरबीचा थोडा साठा घेऊनच जन्मतं. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत त्याचं वजन पाच-सात टक्क्यांनी उतरतं. तीन किलोचं बाळ अठ्ठावीसशे-साडेअठ्ठावीसशे ग्रॅमवर येतं आणि साधारण दोन आठवड्यांत मूळ वजन गाठतं. हे सगळं नेहमीचं आहे. पण नेमक्या याच दोन-तीन दिवसांत ‘काहीच येत नाहीये’ असं घाबरं वातावरण तयार होतं आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पावडरीचा डबा घरात येतो.

एकदा छाती भरून आली की पुढचा कारभार मागणीवर चालतो. जेवढं दूध निघतं तेवढं नवं तयार होतं, आणि साचून राहिलं तर ग्रंथीच काम मंदावतात. हा हिशेब दोन्ही बाजूंना वेगवेगळा असतो. बाळ एकाच बाजूला पीत राहिलं तर दुसरी बाजू आटते, हे जुन्या सुइणींनाही ठाऊक होतं. उलट जुळ्यांच्या आयांना दोघांपुरतं दूध येतं. त्यांचं शरीर काही वेगळ्या मातीचं नसतं, मागणी दुप्पट असते एवढंच. आता यात बाटली कुठे शिरते ते पाहा. रात्रीचे दोन वाजलेत, बाळ रडतंय, कुणीतरी ३० मिलीची बाटली करून देतं आणि बाळ झोपतं. पावडरीचं दूध पचायला जड, त्यामुळे झोपही लांबते, आणि ‘बघ, उपाशीच होतं पोर’ असं शिक्कामोर्तब होतं. इकडे आईची छाती पाच तास भरलेलीच राहते. रात्री पाजण्याला दूध वाढवणाऱ्या प्रोलॅक्टिनचा प्रतिसाद चांगला असतो, म्हणजे खाडा झाला तो नेमका कामाच्या वेळेला. शरीर समजतं, एवढ्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी येतं, म्हणून बाटली ६० मिलीची होते. महिना उलटेपर्यंत दूध खरोखरच पुरेनासं होतं आणि भाकीत करणारी माणसं म्हणतात, आम्ही सांगत नव्हतो?

हा निकाल ज्या साक्षींवर दिला जातो त्यात पहिली साक्ष रडण्याची. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ऐंशी बाळांच्या रडण्याची नोंद प्रसिद्ध केली. जन्मानंतर रडणं आठवड्यागणिक वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठतं आणि मग उतरतं. त्यातही भर संध्याकाळचा. हे चित्र नंतर वेगवेगळ्या समाजांत दिसलं, आणि बाटलीवरची बाळंही त्याला अपवाद नाहीत. सहा आठवडे म्हणजे आपला सव्वा महिना. बाळंतिणीची खोली सुटते, ती घरात वावरू लागते, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ वाढते, आणि बाळ आयुष्यात सर्वांत जास्त रडतं तेही तेव्हाच. तिन्हीसांजेला त्याचा आवाज ऐकून आलेला पाहुणा निदान करून जातो. दुसरी साक्ष ‘छाती आता पूर्वीसारखी भरत नाही’ ही. सुरुवातीचा तो दगडी ताठरपणा काही आठवड्यांनी जातोच, कारण शरीराला अंदाज आलेला असतो. तिसरी, ‘बाळ वाढलं तरी दूध वाढत नाही.’ ते वाढतच नाही! महिन्याच्या सुमारास रोजचं दूध सरासरी पाऊण लिटरपर्यंत पोचतं आणि सहा महिन्यांपर्यंत साधारण तिथेच राहतं, कारण वाढीचा वेग मंदावत जातो तशी किलोमागची गरज उतरते. आणि पंपाने काढून पाहिलं तर जेमतेम दोन चमचे निघालं, ही साक्ष पंपाबद्दल सांगते. बाळ जेवढं ओढून काढतं तेवढं यंत्राला जमत नाही.

खरी साक्ष लंगोटात असते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, फिकट रंगाची. पहिल्या दिवसाची काळी चिकट शी तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट होत पाचव्यापर्यंत पिवळी, दाणेदार होते. त्यानंतर वजन : दोन आठवड्यांत जन्मवजन परत, आणि मग पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम. एकाच काट्यावर, कपड्यांशिवाय. ते माता-बाल संरक्षण कार्डावरच्या रेषांशी ताडून पाहायचं. या रेषांनाही एक इतिहास आहे. जगभर वापरले गेलेले १९७७ चे अमेरिकी तक्ते प्रामुख्याने बाटलीवर वाढलेल्या बाळांच्या मापांवर बेतलेले होते. अंगावरची बाळं तिसऱ्या महिन्यानंतर त्यांच्यापेक्षा सावकाश वजन घेतात, त्यामुळे त्या तक्त्यावर ती मागे पडल्यासारखी दिसत आणि डॉक्टरही वरचं दूध सुचवत. जागतिक आरोग्य संघटनेने आईच्या दुधावर वाढलेली बाळं प्रमाण धरून नवे तक्ते काढले ते २००६ साली, आणि त्यासाठी मोजमाप झालेल्या सहा देशांत भारत होता. म्हणजे एका पिढीच्या आयांना जे ‘कमी’ म्हणून सांगितलं गेलं त्यातलं काही निव्वळ चुकीच्या पट्टीमुळे कमी होतं.

यावर पहिला आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : खरोखरच दूध कमी असणाऱ्या आया नसतात का? असतात. बाळंतपणात फार रक्तस्राव झालेला, वारेचा तुकडा आत राहिलेला, थायरॉइड बिघडलेला, स्तनांवर शस्त्रक्रिया झालेली, किंवा मुळातच दूधग्रंथींची वाढ पुरेशी न झालेली. त्या थोड्या आहेत, पण त्यांना ‘प्रयत्न कर, येईल’ एवढंच सांगत राहणं धोक्याचं आहे. रडणं भुकेचा पुरावा नाही तसं गप्प असणं पोट भरल्याचा पुरावा नाही. उपाशी बाळ हळूहळू रडायचं सोडून देतं, पाजायला घेतलं की झोपतं, आणि ‘किती शहाणं बाळ’ म्हणून त्याचं कौतुक होतं. शू तीन-चार वेळाच, तीही गडद किंवा विटकरी डाग सोडणारी, वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलेलं, कावीळ वाढत चाललेली : असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. वैशाखाच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. तिथे वरचं दूध हे औषध आहे आणि ते देण्यात कमीपणा नाही. आधी आईचंच काढलेलं, मिळत असेल तर दूधपेढीचं (मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली), आणि नसेल तेव्हा पावडर, शक्यतो वाटी-चमच्याने. म्हणून आग्रह आहे तो मोजण्याचा. लंगोट मोजले तर निष्कारण आलेला डबा थांबतो आणि गरजेचा डबा वेळेवर येतो.

‘आमची मुलं डब्यावरच मोठी झाली, काय बिघडलं?’ हा दुसरा आक्षेप. बहुतेकांचं काही बिघडत नाही हे मान्य. ज्यांचं बिघडलं ती मुलं या वादात बोलायला आलेली नसतात, एवढंच लक्षात ठेवावं. स्वच्छ उकळलेलं पाणी, मापाने घातलेली पावडर आणि दर महिन्याला लागणारे पैसे ज्या घरात आहेत तिथला धोका वेगळा आणि महिनाअखेरीला डबा पुरवायचा म्हणून पाणी वाढवणाऱ्या घरातला वेगळा. या मालाच्या जाहिरातींना आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ मध्ये ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली. विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं. आपला कायदा १९९२ चा. म्हणूनच डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र दिसत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : या सगळ्याचा भार शेवटी बाईवरच येतो. दूध येण्यासाठी बाळ दिवसातून आठ-दहा-बारा वेळा पाजायचं, रात्री उठायचं, आणि वर ‘ताण घेऊ नकोस’ हेही ऐकायचं. १९४८ साली नायल्स आणि मायकेल न्यूटन यांनी एका आईवर केलेला प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. पाजत असताना तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, तिला गणितं घालायची, असा छळ केला तेव्हा बाळाला मिळालेलं दूध बरंच कमी भरलं. तसाच त्रास देऊन ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा ते जवळपास पूर्ववत झालं. म्हणजे दूध आत होतं, पान्हा अडला होता. बाळंतिणीच्या उशाशी बसून ‘पुरतंय का गं?’ विचारणारे नातेवाईक हे त्या बर्फाच्या पाण्याचंच काम करतात. घराने करायची कामं दुसरी आहेत. शू-शीची वही बापाने ठेवावी. ढेकर काढणं, दुपटी बदलणं, पाहुण्यांना दारातूनच चहा पाजून वाटेला लावणं, ही कामं करायला दूध यावं लागत नाही. अळीव, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, शतावरी यांनी दूध वाढतं याला भक्कम पुरावा नाही. तरी पहिले सहा महिने तिला रोज सहाशेच्या आसपास उष्मांक जास्त लागतात, तेव्हा लाडू तिने जरूर खावा. फक्त लाडू खाऊनही दूध ‘येत नाही’ हा आणखी एक ठपका तिच्यावर ठेवू नये.

ज्यांच्या घरी बाटली आधीच सुरू झाली आहे त्यांच्यासाठी परतीची वाट बंद नसते. आधी बाळ छातीला नीट लागतंय का हे नर्सकडून किंवा आशाताईंकडून पाहून घ्यावं. नुसतं स्तनाग्र नाही, भोवतालचा गडद भागही बराचसा तोंडात जायला हवा, हनुवटी छातीला टेकलेली, आणि दुखता कामा नये. दर वेळी आधी दोन्ही बाजू, मगच वरचं. पाजून झाल्यावर हाताने पिळून निघेल तेवढं वाटीत काढावं आणि तेच पुढच्या खेपेला चमच्याने द्यावं. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं कमी करत न्यायचं, शक्यतो आधी रात्रीचं, वजन आठवड्याला पाहून. शू सहाच्या खाली आली तर एक पायरी मागे यायचं आणि चार दिवस तिथेच थांबायचं. काही जणींचं वरचं दूध पूर्ण सुटतं, काही जणींचं दिवसाला एका वाटीवर येऊन थांबतं. नोकरीवर परतताना काढून ठेवलेलं दूध किती तास टिकतं आणि पाळणाघरात ते कसं द्यायला सांगायचं, ते पुढच्या आठवड्यात.