विजेची मापे आणि जुनी उपकरणे

१९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. ही वीज कावेरीच्या काठी शिवसमुद्रम येथील धबधब्यापाशी निर्माण होत होती. म्हैसूर संस्थानचे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत तेथील जलविद्युत केंद्राचे काम हाती घेण्यात आले आणि १९०२ च्या जूनअखेर त्याची वीज सुमारे ९२ मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. इतक्या लांबवर वीज वाहून नेणे ही त्या काळी साऱ्या जगातच अपूर्वाईची गोष्ट होती. या घटनेचे वर्णन करताना धबधब्याच्या सामर्थ्याचे आणि दिव्यांच्या लखलखाटाचे कौतुक पुष्कळ होते. परंतु एका साध्या प्रश्नाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. धान्य पायलीने मापता येते, कापड गजाने मोजता येते. वीज मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि तराजूत घालता येत नाही. मग खाणीला किती वीज दिली आणि शहराने किती वापरली, हे ठरवावयाचे कशाने? देणारा आणि घेणारा या दोघांचाही विश्वास बसेल असे माप नसेल, तर विजेचा व्यवहारच उभा राहू शकत नाही.

हे माप ज्या उपकरणांनी दिले, ती आज अनेक महाविद्यालयांच्या अडगळीच्या खोल्यांत धूळ खात पडली आहेत. पितळी स्क्रूंवर उभी असलेली तारेची गोल चौकट, काळ्या एबोनाइटच्या झाकणाची रोधपेटी, फळीवर ताणलेली दहा मीटर तार, काचेच्या घुमटाखाली लोंबकळणारे नाजूक कुंडल, ही सारी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेची एकेकाळची दौलत. तिच्याकडे जुनाट सामान म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु मोजणे म्हणजे नेमके काय, हे शिकविण्याचे जे सामर्थ्य या उपकरणांत आहे, ते त्यांच्या जागी आलेल्या नव्या उपकरणांत क्वचितच आढळते.

मोजणे म्हणजे तुलना करणे. अज्ञात गोष्ट ज्ञात गोष्टीशेजारी ठेवून पाहिल्याखेरीज कोणतेही माप निघत नाही. जुन्या उपकरणाचा गुण असा, की ते आपली तुलना उघड्यावर करते. ती कशाशी चालली आहे, हे पाहणाऱ्याला दिसते.

टँजंट गॅल्व्हानोमीटरचे उदाहरण घ्यावे. तारेचे उभे वर्तुळाकार वेटोळे आणि त्याच्या केंद्रस्थानी एक लहानशी चुंबकसूची, एवढीच त्याची रचना. वेटोळे प्रथम दक्षिणोत्तर लावून घ्यावयाचे. तारेतून प्रवाह सोडला, की वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र सूचीला पूर्व-पश्चिमेकडे ओढू लागते आणि पृथ्वीचे क्षेत्र तिला उत्तरेकडे धरून ठेवते. या ओढाताणीत सूची जेथे स्थिरावते, त्या कोनाच्या स्पर्शज्येवरून प्रवाह कळतो. म्हणजे येथे प्रवाहाची तुलना प्रत्यक्ष पृथ्वीशी होते. तराजूच्या एका पारड्यात तारेतील वीज आणि दुसऱ्या पारड्यात भूगोल!

या तुलनेतून एक मनोरंजक गोष्ट निष्पन्न होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सर्वत्र सारखा नाही. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारताच्या टोकाजवळून जाते, त्यामुळे आपल्याकडे हा घटक प्रबळ आहे. बंगळूर येथे तो सुमारे ०.४० गाउस भरतो, तर लंडनमध्ये त्याच्या जवळजवळ निम्मा, म्हणजे ०.१९ गाउसच्या आसपास असतो. म्हणून जो प्रवाह लंडनमध्ये सूचीला ४५ अंश वळवील, तोच प्रवाह त्याच उपकरणात बंगळूर येथे तिला केवळ २५-२६ अंश वळवू शकेल. विलायतेहून उपकरण मागविता येते. त्याचा गुणक मागविता येत नाही. तो ज्या भूमीवर प्रयोग करावयाचा, त्या भूमीलाच विचारावा लागतो.

तो विचारण्याची रीतही सुंदर आहे. त्याच प्रवाहाला मोरचुदाच्या द्रावणातून न्यावयाचे आणि तांब्याच्या पत्र्यावर किती तांबे चढले, ते प्रयोगाच्या आधी व नंतर वजन करून पाहावयाचे. एक अँपिअरचा प्रवाह अर्धा तास वाहिला तर सुमारे ०.५९ ग्रॅम तांबे जमते. अशा रीतीने तराजू, घड्याळ आणि होकायंत्र या तीन परिचित वस्तूंच्या साहाय्याने विद्यार्थी अदृश्य प्रवाहाचे माप स्वतः ठरवितो. सूचीची दोन्ही टोके वाचावयाची, प्रवाह उलटा करून पुन्हा वाचावयाचे आणि चारही वाचनांची सरासरी घ्यावयाची, अशी शिस्त त्यात पाळावी लागते. खिशातील किल्ल्यांचा जुडगाही दूर ठेवावा लागतो. उपकरणावर आंधळा विश्वास ठेवू नये आणि त्याला टाकूनही देऊ नये, हा विवेक या चार वाचनांतून अंगी बाणतो.

परंतु पृथ्वी हा साक्षीदार जितका विश्वसनीय, तितकाच हळवा आहे. याची साक्ष महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर मिळते. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहांनी हे नाजूक वेध बिघडतील हे ओळखून संचालक मूस यांनी नव्या जागेचा शोध घेतला आणि १९०४ साली चुंबकीय वेधांचे काम अलिबागला सुरू झाले. मापांची परंपरा तुटू नये म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली, तोपर्यंत अलिबागची वेधशाळा आपल्या कामात स्थिरावली होती.

ट्रामच्या रुळांनी जे कुलाब्यास केले, तेच यंत्रघरातील डायनामो टँजंट गॅल्व्हानोमीटरला करतात. कारखान्यात पृथ्वीची साक्ष ऐकू येत नाही. तेव्हा उद्योगाला दुसरे परिमाण हवे होते. फ्रान्समधील दार्सोनव्हाल आणि अमेरिकेतील एडवर्ड वेस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात ते दिले. त्यांच्या उपकरणांत चुंबक स्थिर असतो आणि तारेचे हलके कुंडल फिरते. नालाकृती चुंबकाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून शेकडो-हजारो पटींनी अधिक असल्यामुळे शेजारच्या यंत्रांचा उपद्रव नगण्य ठरतो. वेस्टनच्या १८८८ च्या मीटरमध्ये कुंडल घड्याळाप्रमाणे रत्नांच्या खोबणीत टेकलेले असते आणि दोन केसासारख्या स्प्रिंगा त्याला मागे ओढतात. प्रवाहाची तुलना आता पृथ्वीशी न होता स्प्रिंगेच्या ताणाशी होते. अँपिअर दर्शविणारा अ‍ॅमीटर आणि व्होल्ट दर्शविणारा व्होल्टमीटर ही याच घराण्यातील भावंडे होत.

ही भावंडे मुळात एकच आहेत, हे उपकरण उघडल्याखेरीज पटत नाही. समजा, कुंडलाचा रोध ५० ओहम आहे आणि सहस्रांश अँपिअर प्रवाहाने सुई पट्टीच्या टोकास जाते. त्याच्याशी ४,९५० ओहमचा रोध एकसरीत जोडला, की ते ५ व्होल्टपर्यंतचा व्होल्टमीटर होते. उलट एक-विसांश ओहमची जाड पट्टी समांतर जोडली, की बहुतेक सारा प्रवाह त्या पट्टीतून निघून जातो आणि तेच उपकरण एक अँपिअरचा अ‍ॅमीटर बनते. ज्या विद्यार्थ्याने हे एकदा हाताने जोडून पाहिले, तो अ‍ॅमीटर चुकूनही विजेच्या दोन टोकांना सरळ जोडणार नाही.

या विद्येचे पद्धतशीर शिक्षण देणारी एक अग्रगण्य संस्था बंगळूरमध्येच उभी राहिली. जमशेटजी टाटांच्या संकल्पातून आणि म्हैसूर संस्थानने दिलेल्या भूमीवर १९०९ साली भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. बंगळूरकरांच्या तोंडी ती टाटा इन्स्टिट्यूट म्हणूनच राहिली. १९११ साली तेथे पहिले विद्यार्थी दाखल झाले, तेव्हा रसायनशास्त्राच्या जोडीला सुरू झालेला विभाग होता तो विद्युत् तंत्रविद्येचा, आणि त्याचे प्राध्यापक होते आल्फ्रेड हे. पदार्थविज्ञानाचा स्वतंत्र विभाग चंद्रशेखर व्यंकट रामन १९३३ साली संचालक म्हणून आल्यावर सुरू झाला. शिवसमुद्रमच्या विजेमागोमाग विजेचे शास्त्र या नगरीत आले आणि पुढे उद्योगही आले. १९४६ साली किर्लोस्करांनी विजेच्या मोटारींचा कारखाना काढला तो येथेच.

मोटारीच्या कारखान्यात मोजमापाला किती महत्त्व असते, हे एका गोष्टीवरून ध्यानी येईल. चालत्या मोटारीच्या आतील तारा किती तापल्या, हे पाहण्यासाठी तेथे थर्मामीटर नेणे कठीण. परंतु तांब्याचा रोध एका अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. मोटार थंड असताना आणि चालवून थांबविल्यावर तारेचा रोध मोजला, आणि तो २० टक्क्यांनी वाढलेला आढळला, तर तारा सुमारे ५० अंशांनी तापल्या असे निश्चित सांगता येते. रोध अचूक मोजता आला की तापमान आपोआप हाती येते.

रोध अचूक मोजण्याचे साधन म्हणजे व्हीटस्टन ब्रिज. त्याची मूळ कल्पना क्रिस्टी यांनी १८३३ साली मांडली आणि व्हीटस्टन यांनी १८४३ साली ती प्रसिद्धीस आणली. चार रोधांचा चौकोन करावयाचा, त्यांपैकी तीन माहीत असलेले. त्यांत असा फेरफार करावयाचा, की मधल्या गॅल्व्हानोमीटरमधून प्रवाह मुळीच जाऊ नये. सुई शून्यावर आली, की चौथा रोध साध्या त्रैराशिकाने निघतो. महाविद्यालयांतील पितळी खुंट्यांच्या या पेटीला पोस्ट ऑफिस बॉक्स हे चमत्कारिक नाव का पडले, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडत असे. त्याचे उत्तर असे, की ब्रिटनमध्ये तारायंत्राचे काम टपाल खात्याकडे होते आणि तारेत बिघाड कोठे झाला हे तिच्या रोधावरून शोधण्यासाठी ही पेटी वापरीत. खोलीत बसून कित्येक मैलांवरचा दोष सांगणारी अशी ती पेटी होती.

पोटेन्शिओमीटरची दहा मीटर तार याच तत्त्वावर घटाचा दाब मोजते. येथे तुलनेचे परिमाण म्हणजे वेस्टनचा कॅडमियमचा प्रमाण घट. २० अंश सेल्सिअसला त्याचा दाब १.०१८३ व्होल्ट असतो. प्रथम प्रमाण घट आणि मग अज्ञात घट जोडून तारेच्या किती लांबीवर सुई शून्य दाखविते, ते पाहावयाचे. लांब्यांचे जे प्रमाण, तेच दाबांचे. व्होल्टमीटर घटातून थोडा तरी प्रवाह खेचतो आणि जे मोजावयाचे त्यालाच किंचित बदलतो. पोटेन्शिओमीटर समतोलाच्या क्षणी घटातून काहीही घेत नाही. तारेवर जॉकी घासू नये, ती अलगद टेकवावी, अशी शिक्षकांची ताकीद असे, कारण तारेची जाडी कोठे कमी झाली तर पट्टीच खोटी व्हावयाची. मापनातील सचोटी या एका ताकिदीत सामावली आहे.

आजच्या अंकदर्शी मल्टिमीटरची अचूकता मोठी, किंमत अल्प आणि उपयोग अपरंपार. त्याची निंदा करण्याचे कारण नाही. शिवाय तोही तुलनाच करीत असतो. त्यातील एका परिचित पद्धतीत अज्ञात दाबाने ठराविक काळ एक धारित्र भरले जाते आणि मग ज्ञात दाबाने ते रिकामे होण्यास किती वेळ लागला, हे स्पंदने मोजून ठरविले जाते. परंतु हे सारे बोटाएवढ्या काळ्या चकतीच्या आत घडते. बाहेर दिसतो तो केवळ आकडा. १९०८ साली अँपिअरची व्याख्या चांदीच्या साठ्यावरून करीत, १९४८ साली ती दोन तारांमधील बलावरून होऊ लागली आणि २०१९ पासून ती इलेक्ट्रॉनच्या विद्युत्‌भारावर आधारलेली आहे. परिमाण जसजसे सूक्ष्म झाले, तसतसे ते सामान्य माणसाच्या नजरेआड गेले.

धोका आहे तो येथेच. ज्याला तुलना दिसली नाही, त्याला आकडा प्रमाण वाटतो. घटकाची बॅटरी उतरली असता किंवा जोडणी सैल असतानाही पडद्यावर आकडा उमटतोच, आणि चार दशांश स्थळे पाहून त्यावर विश्वास बसतो. सुईचे उपकरण शंका घ्यावयास शिकविते. पट्टीखालचा आरसा डोळा तिरपा आहे हे सांगतो, थरथरणारी सुई जोडणी सैल आहे हे सांगते, चार वाचनांतील तफावत वेटोळे नीट लागले नाही हे सांगते.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या नावाने बंगळूरच्या कब्बन पार्कजवळ उद्योग व तंत्रविद्येचे संग्रहालय उभारण्यात आले. १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि १९६५ साली लोकांसाठी जे पहिले दालन खुले झाले, ते विजेचेच होते. ही निवड शहराच्या इतिहासाला साजेशी होती. परंतु सारीच जुनी उपकरणे संग्रहालयात जावीत, असे नाही. पुष्कळशी उपकरणे अजूनही चालू शकतील. एका तारेचा जोड, एक नवी स्प्रिंग, थोडी साफसफाई, एवढीच त्यांची अपेक्षा असते. मोडीत काढून त्यांच्या पितळाचे जे चार पैसे येतील, त्यांच्या अनेक पटींनी मोलाचे शिक्षण ती देऊ शकतात.

नव्या मल्टिमीटरशेजारी एक टँजंट गॅल्व्हानोमीटर ठेवावा, दोन्हींतून एकच प्रवाह न्यावा आणि दोन उत्तरे का जुळली वा का जुळली नाहीत, हे विद्यार्थ्यांना विचारावे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांना वेटोळे दक्षिणोत्तर लावावे लागेल आणि आपल्या गावी पृथ्वीची ओढ किती आहे, हे स्वतः काढावे लागेल. तेवढे केल्यावर पडद्यावरचा आकडा त्यांनी खुशाल वापरावा. तो कोठून येतो, हे त्यांना ठाऊक झालेले असेल.