यादी कोरी, पण रजिस्टर?

प्रवेशाचे दिवस आले की मोहल्ल्यात जुन्या कागदांची शोधाशोध सुरू होते. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी अशा बिरादऱ्यांना ओबीसी प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. दादाजानांची जन्मनोंद शोधावी, तर यादीत नावाची जागा कोरी! बरीच घरे इथेच हिंमत हारतात.

पण यादी कोरी म्हणजे रजिस्टर कोरे नव्हे. आपल्याकडे नाव ठेवतात सातव्या दिवशी, अकीक्याला. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकात, नोंद त्याआधीच झालेली असू शकते. म्हणून जुन्या नोंदींत पुष्कळदा बापाचे नाव आणि पुढे नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच सापडते. तेव्हा दादाजानांऐवजी परदादांचे नाव शोधू या.

दुसरे कारण मोडी लिपी. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दही सलग लिहितात. त्यात इस्माईलचा ‘इस्माल’ झालेला असतो. यादी करणाऱ्याला जे लागले नाही, ते सुटले. अशा वेळी गाव आणि साल सांगून मूळ पानाची साक्षांकित नक्कल मागावी आणि मोडी जाणकाराकडून वाचून घ्यावी.

तिथेही काही नसेल, तर दादाजानांच्या सख्ख्या भावांच्या नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर, काझींच्या दफ्तरातला निकाहनामा पाहावा. उर्दू वाचणारे बुजुर्ग घरात आहेत तोवर हे काम उरकून घेऊ या.

एक मात्र पाळू या. कोऱ्या जागेत आपल्या हाताने एक अक्षरही भरायचे नाही. खाडाखोड दिसली की पडताळणीत खरा कागदही संशयात सापडतो, आणि नुकसान लेकरांचे होते.