एका कटिंगला एक किलोमीटर

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि प्रत्येक केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. गुणाकार करून बघा. एक लाख सेंटिमीटर म्हणजे अख्खा एक किलोमीटर! नागपुरातल्या इतवारीच्या गर्दीतल्या एखाद्या सलूनमध्ये दर महिन्याला कटिंगला येणारा प्रत्येक जण एवढे केस खाली पाडून जातो. काम शिकायला आलेला पोरगा पहिल्यांदा हेच झाडून काढतो.

मग त्याच्या हातात कात्री येते, पण नुसती हवेत चालवायला. एका कडीत अनामिका, दुसऱ्या कडीत अंगठा, आणि हलवायचा फक्त अंगठा. करून बघा, बोटं ऐकत नाहीत! पण याशिवाय गत्यंतर नाही. एक पातं कंगव्याला लागून स्थिर राहिलं, तरच केसांची रेघ सरळ येते. कंगवा मानेकडून वर सरकतो, कात्री त्याच्या मागोमाग. कंगवा डोक्यापासून जेवढा दूर, तेवढे केस लांब. मोजपट्टी कुठेच नाही, सगळं माप मनगटात.

आता मशीन. त्यात दातेरी पाती दोन: खालचं स्थिर, वरचं डावीकडून उजवीकडे धावणारं. वायरवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या मशीनला फिरणारी मोटर नसते, असतो एक विद्युतचुंबक. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि दर आवर्तनात चुंबक पात्याला दोनदा ओढतो. म्हणजे सेकंदाला १०० फेऱ्या, मिनिटाला ६,०००! कानामागची ती घरघर म्हणजे खुद्द विजेची लय. अमेरिकेत लिओ वॉल यानं १९१९ च्या सुमारास हे तंत्र हातात मावेल इतकं सुटसुटीत केलं.

आणि फेड, म्हणजे खालून वर हळूहळू लांब होत जाणारे केस? मशीनला एक नंबरची जाळी लावली की सुमारे ३ मिलिमीटर केस उरतात, दोन नंबरला ६. कानाजवळ राखाडी, वर काळं होत जाणारं ते डोकं नीट बघा. त्यात राखाडी केस एकही नाही! आखूड केसांमधून त्वचा दिसते आणि दोन्ही रंग मिसळतात ते आपल्या डोळ्यात. दोन लांबींमधली रेघ पुसणं, हेच शिकाऊ मुलाला सगळ्यात जड जातं.

भोवऱ्याचं तंत्र वेगळंच. तिथे केस गोल फिरत उगवतात. फार आखूड कापले की ताठ उभे राहतात. तिथे थोडी लांबी सोडावीच लागते.

मला सर्वांत जास्त थक्क करतो तो मात्र पाण्याचा फवारा. केस केराटिन या प्रथिनाचे असतात आणि त्याच्या साखळ्यांना असंख्य दुबळे हायड्रोजन बंध धरून ठेवतात. पाणी शिरलं की त्यातले बरेच सुटतात. केस वळवून वाळवले की ते बंध नव्या जागी जुळतात आणि वळण टिकतं. इतवारीच्या बाजारातलं सुती कापड पाणी शिंपडून इस्त्री केल्यावर कडक घडी धरतं, तेही याच बंधांमुळे!

म्हणून मे महिन्याच्या कोरड्या उन्हात नागपूरकरांची स्टाईल टिकते आणि पहिल्या पावसात बसते. हवेतली वाफसुद्धा बंध सोडवायला पुरते. ओलाव्यानं केस लांबतो, हे हेरून स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर यानं १७८३ मध्ये माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक मांडला. पुढे दीर्घकाळ वेधशाळांमध्ये हवेचा ओलावा केसानंच मोजला गेला.

तेव्हा ड्रायर मारल्यावर कारागीर "भाऊ, थांबा जरा" म्हणाला तर थांबा. केस पुरते कोरडे आणि गार होईपर्यंत त्यांना हात लावू नका.