कोलम : ठिपके, रेषा आणि नियम

तंजावरच्या परिसरात कावेरी अनेक फाट्यांत विभागून समुद्राकडे जाते. या फाट्यांमधील भातशेतीच्या गावांत मार्गळी महिन्यात, म्हणजे साधारणतः डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, अंधार असतानाच घराघरांपुढील जमीन झाडून तीवर शेणपाण्याचा सडा घालतात. ओल सुकण्यापूर्वी घरातील स्त्री कमरेत वाकून, चिमटीतून तांदळाचे पीठ सोडीत कोलम रेखाटते. पिठाऐवजी पांढऱ्या दगडाची भुकटीही आता पुष्कळ वापरली जाते. सणाच्या दिवशी कोलमभोवती गेरूची कडा काढतात आणि मार्गळीत त्यावर शेणाच्या गोळ्यात खोचलेले भोपळ्याचे फूल ठेवतात.

मराठी वाचकास ठिपक्यांची रांगोळी परिचित असल्यामुळे कोलम म्हणजे तिकडील रांगोळी, असे समजून पुढे जाण्याचा मोह होतो. परंतु कोलमाचा एक प्रकार निराळ्या जातीचा आहे. त्यास 'शिक्कु कोलम', म्हणजे गुंत्याचे कोलम, म्हणतात. आपल्या रांगोळीत रेषा बहुधा ठिपक्यांना जोडत जाते. येथे ती एकाही ठिपक्यास स्पर्श न करता प्रत्येकास वळसा घालते, स्वतःलाच ओलांडीत जाते आणि अखेरीस निघाली तेथे येऊन मिळते. उघडे टोक राहिले तर कोलम चुकले.

हे कोलम पाठ कसे राहते? संपूर्ण चित्र स्मरणात ठेवले जात नाही, हेच त्याचे उत्तर होय. तमिळ नियतकालिकांत कोलमाच्या आकृतीखाली एक लहानशी ओळ छापलेली असते : इतके ठिपके, इतक्यापर्यंत, सरळ किंवा आडअंतराचे. 'सात ठिपके, चारपर्यंत, आडअंतराचे' एवढे वाचताच जाणकार स्त्री मधली ओळ सात ठिपक्यांची घालते. तिच्या वर व खाली सहा, पाच आणि चार ठिपक्यांच्या ओळी येतात आणि प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या फटीसमोर पडतो. एकूण सदतीस ठिपके त्या एका ओळीत सामावलेले असतात. पुढचे काम रेषेच्या मोजक्या वळणांचे.

या वळणांत एवढासा फरक केल्यास काय घडते, हे कागदावर करून पाहण्याजोगे आहे. चौरसात चार ठिपके मांडावे व शेजारच्या प्रत्येक दोन ठिपक्यांच्या मध्ये रेषा एकमेकींना ओलांडतील अशा रीतीने त्यांभोवती फिरावे. एकमेकांत अडकलेली दोन लंबवर्तुळे मिळतात. एका रेषेत हे चित्र पुरे होत नाही. ठिपके तीन ओळींत चार-चार मांडले, तर मात्र एकच रेषा सर्वत्र फिरून परत येते. नियम सुंदर आहे : ओळींची संख्या आणि ओळीतील ठिपक्यांची संख्या यांचा जो महत्तम साधारण विभाजक, तितक्या बंद रेषा. आता चार ठिपक्यांच्या चित्राकडे परत यावे. चारपैकी कोणत्याही एका जागी छेद काढून टाकावा आणि दोन्ही रेषा एकमेकींना न ओलांडता परत वळवाव्या. तत्क्षणी दोन लंबवर्तुळांची एकच अखंड रेषा होते. ठिपका एकही हलला नाही, बदल बोटभर जागेतला. पण आकृतीची घडणच पालटली. नऊ ठिपक्यांच्या चौरसात अशा बारा जागा असतात. प्रत्येक जागी छेद ठेवणे किंवा मोडणे एवढेच दोन पर्याय धरले, तरी ४०९६ मांडण्या होतात.

मद्रासजवळील तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी व रानी सिरोमनी यांचे लक्ष या विद्येकडे गेले. कमला कृतिवासन यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये कोलम आणि 'सरणी-व्याकरण' यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. नोम चॉम्स्की यांनी १९५० नंतरच्या दशकात भाषेसाठी मांडलेली व्याकरणे शब्दांच्या एका ओळीवर चालत. येथे तीच कल्पना लांबी-रुंदी असलेल्या चित्राला लावलेली होती. वनस्पतींच्या वाढीसाठी अरिस्टिड लिंडेनमायर यांनी १९६८ मध्ये मांडलेली पद्धतीही पुढे कोलमास लागू पडली. 'कृष्णाचे वाळे' नावाचे कोलम तीत एकाच बदल-नियमाने तयार होते : ओळीतील ठराविक अक्षराच्या जागी दरवेळी तेच अक्षर चारदा असलेली ठरीव मालिका ठेवायची आणि अखेरीस प्रत्येक अक्षर 'पुढे जा' किंवा 'वळ' असे वाचायचे. कावेरीकाठच्या स्त्रियांना हे व्याकरण शिकावे लागले नाही. ते त्यांच्यापासून शिकले गेले, ही गोष्ट गणिताच्या पुस्तकांत क्वचितच पुरेशा ठळकपणे सांगितली जाते.

संगणकाच्या पडद्यावरील दर्शनी भाग सजविण्याची रीतही याच वळणाची आहे. वेबपानाचा मजकूर एका जागी आणि त्याच्या रूपाचे नियम दुसऱ्या जागी असावे, ही सूचना होकून विउम ली यांनी १९९४ मध्ये केली. १९९६ च्या डिसेंबरात तिला प्रमाणित रूप मिळाले. 'सर्व शीर्षके तांबडी' असा दोन ओळींचा नियम लिहिला की शंभर लेखांची शीर्षके पालटतात, लेखांतील अक्षरही हलत नाही. समान वजनाचे दोन नियम परस्परविरोधी असल्यास नंतरचा प्रभावी ठरतो. मात्र नियम बंद करणारा एक महिरपी कंस विसरला, तर त्यापुढील नियम निकामी होऊ शकतात. येथेही उघडे टोक चालत नाही. म्हणून जाणकार मूळ साच्यास हात न लावता आपले नियम वेगळ्या जागी लिहितो, एका वेळी एकच घालतो आणि पाहतो. मूळ साच्याची नवी आवृत्ती आली, तरी ते पुसले जात नाहीत.

दुसऱ्याचा नियम जसाच्या तसा उचलून चिकटविण्याची सोय पडद्यावर आहे, आणि ती आता उंबऱ्यापर्यंतही आली आहे. बाजारात छापील कोलमाचे चिकटपट्ट विकत मिळतात. चिकटविलेल्या कोलमात चूक होत नाही. पण दार रुंद असले, तर त्यात दोन ठिपके वाढविता येत नाहीत. पिठाचे कोलम सकाळच्या वर्दळीत पावलांखाली जाते, मुंग्या त्यातील पीठ नेतात. शेजारणीने काल काढलेला वळसा आज आपल्या दारात आणायचा असेल, तर मुलीला ठिपके मोजून तो स्वतःच बसवावा लागतो. सात ठिपक्यांत न बसल्यास ती नऊ घालून पाहते.