स्पेनच्या किनाऱ्यावर परक्यांचा संसार

स्पेन देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राच्या कांठीं, आलिकांते नांवाचा प्रांत आहे. इंग्लंड, जर्मनी, हॉलंड, नॉर्वे अशा थंड देशांतील हजारों माणसें गेल्या साठ वर्षांत येथें येऊन राहिलीं आहेत. त्यांत पेन्शनरांचा भरणा मोठा. सान फुलखेन्थियोसारख्या गांवांत तर नोंदलेल्या रहिवाशांपैकीं निम्म्याहून अधिक लोक परदेशी आहेत. ऊन मिळावें म्हणून हीं माणसें आलीं आणि ऊन त्यांना भरपूर मिळालें. शेजार मात्र सर्वांनाच मिळाला असें नाहीं. तो कां मिळत नाहीं, आणि ज्यांना मिळतो त्यांना कसा मिळतो, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

पहिली अडचण घड्याळाची. लंडनहून आलेला पेन्शनर संवयीप्रमाणें साडेबाराला जेवतो आणि तीनला पाव आणावयास बाहेर पडतो, तों दुकानाचें दार बंद. संध्याकाळीं सहाला खानावळींत जावें तर चूलही पेटलेली नसते. जन्मभर शाळेच्या घंटेवर जेवलेल्या माझ्यासारख्या मास्तरास त्याचा वैताग समजूं शकतो. पण यांत आळसाचा भाग नाहीं. ग्रीनिचचें शून्य रेखावृत्त याच प्रांतावरून समुद्रांत उतरतें. म्हणजे येथील सूर्य लंडनच्या सूर्याबरोबरच चालतो. असें असतां मार्च १९४० मध्यें जनरल फ्रँको यांच्या राजवटीनें देशांतील घड्याळें एक तास पुढें केलीं, तीं पुन्हा मागें आलींच नाहींत. उन्हाळ्यांत त्यांत आणखी एका तासाची भर पडते. त्यामुळें जुलै महिन्यांत आलिकांतेचा सूर्य माथ्यावर येतो तेव्हां घड्याळांत दोन वाजून गेलेले असतात. तेथील गृहस्थ अडीचला पानावर बसतो तो सूर्याच्या मानानें वेळेवरच बसतो! नमस्कारसुद्धां जेवणावर मोजतात. ‘ब्वेनोस दीआस’ हें सकाळचें अभिवादन जेवण होईपर्यंत चालतें, मग एक वाजून गेला असला तरी हरकत नाहीं.

जेवणानंतरची ‘सिएस्ता’ म्हणजे आपली वामकुक्षी. लॅटिन भाषेंत सूर्योदयापासूनच्या सहाव्या तासाला, म्हणजे मध्यान्हाला, ‘सेक्स्ता’ म्हणत. त्यावरून हा शब्द आला. सर्वच निजतात असें नाहीं. तरी दोनपासून पांचपर्यंत लहान दुकानें बंद असतात, आणि या वेळांत भिंतींत खिळे ठोकणारा नवा शेजारी कोणालाच आवडत नाहीं.

रविवारचा बेत ‘पाएया’चा. पाएया हें मुळांत पसरट कढईचें नांव. तींत कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा, मोठा पांढरा पावटा आणि केशर घालून भात शिजवितात; कांदा घालणें वालेन्सियाच्या जुन्या माणसांस खपत नाहीं. तळाशीं धरलेल्या खरवडीला सर्वांत अधिक मान. हा भात दुपारचा. रात्रीं तो जड पडतो अशी समजूत आहे. म्हणून रात्रीं नऊला पाएया मागविणारा माणूस कोठचा, हें वाढप्यास विचारावें लागत नाहीं.

दवाखान्यांत आणि मासळीच्या दुकानांत रांग दिसतच नाहीं. माणसें वाटेल तशीं उभीं असतात. इंग्रज गृहस्थ मनांत म्हणतो, काय ही अव्यवस्था! वास्तविक रांग असते, ती डोळ्यांस दिसत नाहीं इतकेंच. आंत येणारानें सर्वांस अभिवादन करावें आणि विचारावें, “शेवटचे कोण?” जो हात वर करील त्याच्यामागें आपला क्रम. चार शब्दांचा हा प्रश्न स्पॅनिश भाषेंत ज्याला विचारतां आला, त्याला त्या दिवसापासून गांवांत कोणीतरी तोंडानें ओळखूं लागतें.

नगरपालिकेच्या नोंदवहींत नांव घालणें हेंही तितकेंच महत्त्वाचें. गांवास मिळणारा सरकारी पैसा नोंदलेल्या लोकसंख्येच्या मानानें येतो. नांव न घालणारा परका दिवे आणि रस्ते वापरतो, पण हिशेबांत नसतो. गांवकऱ्यांची ही तक्रार वाजवी आहे.

जूनमध्यें सूर्य मावळावयास सव्वानऊ वाजून जातात. जुन्या वस्तींत त्यानंतर घरोघरच्या खुर्च्या दारापुढें रस्त्यावर येतात आणि मध्यरात्रीपर्यंत गप्पा चालतात. कादिस प्रांतांतील आल्गार या गांवानें २०२१ मध्यें या चालीस युनेस्कोच्या वारशांत स्थान मिळावें म्हणून खटपट सुरू केली, इतकी ती त्यांना मोलाची वाटते. परक्यांच्या नव्या वसाहती गांवाबाहेर, कुंपणाच्या आंत. तेथें दहाला दिवे मालवलेले असतात.

आजारपणांत या खुर्च्यांची किंमत कळते. तेथील रुग्णालयांत परिचारिका औषधपाणी करतात. पण रात्रीं उशाशीं बसणें आणि घास भरविणें हें घरच्या माणसांचें काम समजलें जातें. खाटेजवळ त्यासाठीं एक आरामखुर्ची असते. ज्याचीं मुलें मँचेस्टरला किंवा ऑस्लोला आहेत, अशा वृद्धास पत्नीच्या उशाशीं आळीपाळीनें बसावयास कोण मिळणार? मृत्यूनंतर तर सर्वच झपाट्यानें होतें. चोवीस तास गेल्यावांचून अंत्यसंस्कार करीत नाहींत, परंतु बहुधा अठ्ठेचाळीस तासांच्या आंत तो उरकतो. इंग्लंडांत याला दोन-तीन आठवडे लागणें नित्याचें. म्हणून तिकडच्या नातलगांस ही घाई कल्पनेंतही नसते. मधल्या वेळांत देह ‘तानातोरियो’ नांवाच्या शवगृहांत ठेवतात. तेथील खोलींत घरचीं माणसें दिवसभर बसतात आणि ओळखीचे लोक येऊन दोन शब्द बोलून जातात. मुलगा विमानतळावरून येऊन पोंचेपर्यंत त्या खोलींत जीं माणसें बसलेलीं असतात, तीं गल्लींतलीं असतात.