जुनेर आणि तरुण हात

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे घरांतील १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना कोणत्या कामांत गुंतवावें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांतून दरवर्षीं उपस्थित होतो. माळ्यावरच्या ट्रंका उघडून जुनेर बाहेर काढण्याचें कामही बहुधा याच सुमारास निघतें. हीं दोन्हीं कामें एकमेकांच्या साहाय्यानें पार पाडतां येतात, असें आम्हांला वाटतें. मात्र त्याला थोडी पूर्वतयारी लागते, आणि वडील मंडळींच्या अंगीं थोडा संयम लागतो.

ही कला आपल्याला परकी नव्हे. जुनीं लुगडीं व धोतरें थरावर थर घालून धांवदोऱ्यानें एकत्र बांधलीं कीं गोधडी होते. बंगाली कांथा तिचीच बहीण. तिच्यासाठीं लागणारे रंगीत धागे जुन्या साड्यांच्या कांठांतूनच उपसून घेत असत. उत्तर कानडा जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रिया आपली कवंदी कडेपासून शिवीत मध्याकडे येतात, आणि तिच्या कोपऱ्यांवर घडीच्या तुकड्यांचीं फुलें बसविल्याशिवाय ती पुरी झाली असें मानीत नाहींत. इंग्लंडांत १ जून १९४१ पासून कपड्यांचें रेशनिंग सुरू झालें, तेव्हां तेथील बोर्ड ऑफ ट्रेडनें १९४३ सालीं ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढून जुन्याचें नवें कसें करावें हें घरोघर शिकविलें. १९४९ सालीं रेशनिंग उठलें. आज घरबसल्या मागविलेला कपडा दोन दिवसांत दाराशीं येतो. तेव्हां टंचाईच्या धाकानें मुलें सुई हातीं धरतील ही आशा नको. त्यांना कामच गोड लागलें पाहिजे.

आठ-दहा मुलें व दोन-तीन जाणतीं माणसें, एवढा मेळ पुरे. मुलग्यांना वगळूं नये. शिंप्याच्या दुकानांत यंत्रावर बसलेला बहुधा पुरुषच असतो, हें त्यांच्या ध्यानांत आणून दिलें कीं पुरे! एका लांब बैठकीपेक्षां तीन-तीन तासांच्या दोन बैठकी बऱ्या. कपडे आधीं धुवून, खळ काढून, वाळवून ठेवावे. कापडाची पारख मात्र मुलांकडूनच करवावी. कापड उजेडापुढें धरलें असतां विरलेली जागा दिसते. दोन अंगठ्यांनीं ताणलें असतां जीर्ण सूत लगेच बोलतें. एखादा धागा वडील माणसानें ज्योतीवर धरून दाखवावा. सुताचा धागा कागदासारखा जळून मऊ राख राहते; पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणि होतो.

यानंतर लगेच शिवावयास बसूं नये. पहिली बैठक उसवण्याची असावी, असें आमचें आग्रहाचें मत आहे. एक जुना शर्ट घ्यावा, आणि तो न फाडतां, टांका टांका सोडवून, त्याचे सारे भाग जमिनीवर मांडावे. बाहीचा माथा सरळ नसून कमानदार असतो, कॉलरच्या पोटांत आणखी एक ताठ पट्टी असते, खांद्यावर दुहेरी कापड असतें, हें मुलांना त्या वेळीं प्रथम दिसतें. आजवर जी वस्तु केवळ दुकानांतून आणावयाची होती, ती कोणाच्या तरी हातांनीं जुळविलेली आहे, हें त्यांना बोटांनीं कळतें. पुढें कपडा विकत घेतांना जें पोर आधीं त्याची शिवण उलटून पाहील, त्याला शिकविण्यासारखें फार थोडें उरलें. उसवतांना निघालेल्या गुंड्या डबींत जपाव्या.

आरंभास उशीचा अभ्रा उत्तम. दुसऱ्या एका शर्टाच्या गुंड्या लावून तो पसरावा, आणि गुंड्यांची पट्टी मध्यावर येईल असा १७ इंची चौकोन पुढच्या व पाठीच्या दोन्ही थरांतून कापावा. मधली गुंडी सोडून ठेवून, सुलट बाजू आंत घेऊन, चारी कडांना अर्ध्या इंचावर उलटी टीप घालावी व तोंडांतून उलटवावें. १६ इंची अभ्रा तयार झाला. काजें करण्याची कटकटही नाहीं. जीन्सच्या जाड कापडाला जाड सुई व अंगुस्तान हवें. तें काम दुसऱ्या बैठकीस ठेवावें. कापडाच्या कात्रीनें कागद कापूं देऊं नये.

एका बाबतींत मात्र सावध राहावें. ट्रंकेंतील एखादें लुगडें कोणाची तरी शेवटची आठवण असतें. ज्याची ती आठवण, त्याला विचारल्यावांचून त्यावर कात्री चालवूं नये; आणि ‘नको’ म्हटलें तर घडी घालून परत ठेवावें. उलट आजींनीं ‘काप’ म्हटलें, तर कोठें कापावयाचें हें नातवानेंच ठरवूं द्यावें. भीतभीत मारलेली ती पहिली कात्री त्याच्या दीर्घकाळ स्मरणांत राहते; इतरांनीं खुणा करून दिलेल्या चौकोनाचें तसें होत नाहीं.

झालेल्या वस्तूंचें प्रदर्शन मांडण्याचा मोह टाळावा. अभ्रा त्याच रात्रीं उशीला चढवावा, पिशवी सकाळीं भाजीला न्यावी. उरलेल्या चिंध्या बारीक कातरून उशींत भराव्या. टीप वांकडी गेली असली, तर मुलें निजल्यावर काकूंनीं ती उसवून सरळ करूं नये. सुटलीच, तर सुई-दोरा त्याच मुलाच्या हातीं द्यावा.