जखमेतील जंतू : प्रतिजैविके आणि सुगंधी तेले

कोयता लागणे, चुलीवर भाजणे, अनवाणी पायात काटा रुतणे हे ग्रामीण जीवनातील नित्याचे अपघात होत. जखम लहान म्हणून तिची उपेक्षा होते आणि मग ती चिघळते. पू करणाऱ्या जंतूंमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा प्रमुख. निरोगी माणसाच्या नाकातही तो असू शकतो. त्वचा फाटताच आत शिरतो. भाजलेल्या जखमांत स्यूडोमोनास हा चिवट जंतू आढळतो. पुवाला निळसर-हिरवी झाक आली की डॉक्टरांना त्याचा संशय येतो.

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला, तो स्टॅफिलोकॉकस वाढविलेल्या एका बशीतच. भारतात १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्याने हे औषध देशात तयार केले. तथापि पेनिसिलीनचे विघटन करणारे विकर जंतूंपाशी होतेच. त्यावर उपाय म्हणून मेथिसिलीन आले. १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू ब्रिटनमध्ये आढळले.

या पार्श्वभूमीवर सुगंधी तेलांकडे संशोधकांचे लक्ष वळले. लवंगेच्या तेलात युजेनॉल, ओव्याच्या तेलात थायमॉल असते. पेनिसिलीन जंतूची पेशीभित्ती बांधू देत नाही. ही तेले पेशीपटलात विरघळून ते सच्छिद्र करतात व आतील द्रव्ये बाहेर झिरपतात. प्रयोगशाळेतील बशीत अनेक जंतू त्यामुळे मरतात. काही तेलांच्या जोडीने प्रतिजैविकाचा प्रभाव वाढल्याचेही दिसले आहे. आजीबाईच्या बटव्याची थट्टा करण्याचे कारण नाही.

परंतु जखम म्हणजे बशी नव्हे. तेथे रक्त आणि पू यांमुळे तेलाचा जोर ओसरतो. निर्भेळ तेल कोवळ्या त्वचेला पोळते. वनस्पतीची जात व हंगाम यांनुसार घटकांचे प्रमाण बदलते, त्यामुळे मात्रा ठरविणे कठीण. शिवाय स्यूडोमोनास आपल्या बाह्य आवरणामुळे अनेक तेलांना दाद देत नाही. म्हणून उघड्या जखमेवर लवंगेचे तेल ओतणे हा उपचार ठरत नाही.

स्वच्छ वाहत्या पाण्याने व साबणाने जखम धुणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या लसीची चौकशी करणे, हे पहिले काम. उरलेल्या कॅप्सूल फोडून जखमेवर भुकटी टाकण्याची प्रथा मात्र सर्वथैव त्याज्य होय. जखम चिघळलीच, तर पुवाची तपासणी करून कोणते औषध त्या जंतूवर चालते हे पाहता येते. काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवहीत नोंद ठेवण्याचे बंधन २०१४ पासून औषध विक्रेत्यांवर आहे. चिठ्ठीशिवाय ती मागणाऱ्या ग्राहकाला विक्रेत्याने नकार दिला, तर तो कायद्यानुसारच वागत असतो.